पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं?

ठाण्यात कुणालाही २००५ चा २६ जुलै विचारा, तो चालायला लागतो. दादरहून ठाण्यापर्यंत, कुर्ल्याहून मुलुंडपर्यंत, कुणी रुळांवरून, कुणी पूर्व द्रुतगती मार्गावरून, कंबरेएवढ्या पाण्यातून, अनोळखी माणसाचा हात धरून. वाटेत चहा-बिस्किटं वाटणारे भेटतात, बेस्टच्या टपावर रात्र निघते, पहाटे कुठेतरी दार उघडून आई रडते. यातलं काही खोटं नाही. मंगळवारचा दिवस होता, माणसं कामावर गेलेली होती आणि चालत परत आली. पण वीस वर्षं याच गोष्टी ऐकल्यावर एक जाणवतं. त्यांत पाणी फक्त नेपथ्याला असतं, नायक असतो तो चालणारा. नेमकं कुठे किती पाणी होतं, कुठल्या बाजूनं आलं, किती वेळ थांबलं, हे त्याला माहीत नसतं, कारण तो तिथून निघून गेला होता.

जे त्या दिवशी घरीच होते, त्यांच्या गोष्टी वेगळ्या असतात आणि कमी सांगितल्या जातात. कल्याणला वालधुनीच्या काठच्या चाळीत, उल्हासनगरच्या कॅम्पात, बदलापूरला नदीकडच्या तळमजल्यावर ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्याकडे साहस नाही. गाळ आहे, वास आहे, दोरीवर वाळत घातलेली दहावीची मार्कशीट आहे, आठवडाभर फुगत गेलेला प्लायवुडचा पलंग आहे. चारचौघांत हे रंगत नाही. सांगणारी बहुधा घरातली बाई असते, आणि तिला मध्येच तोडून कुणीतरी आपलं चालणं सुरू करतो.

माझं म्हणणं असं की या दुसऱ्या प्रकारच्या आठवणी म्हणजे सार्वजनिक नोंदी आहेत. त्या घराघरांत पडून आहेत आणि ठाणे जिल्ह्यात त्या गोळा करायला आधीच उशीर झालाय. यात मला हळवेपणा अभिप्रेत नाही. ‘मुंबईचं स्पिरिट’ वगैरे शब्दांनी या विषयाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं पावसानंही केलं नसेल. मला हव्यात त्या मोजता येतील अशा आठवणी.

सांगलीची माणसं ठाण्यात पुष्कळ आहेत. त्यांच्याशी जुलै-ऑगस्टमध्ये बोलून बघा. गावी फोन लागला की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो, “आयर्विनला किती?” हा असतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर धोका. पण हे आकडे सरकारी तक्त्यातच राहिलेले नाहीत. अमुक फुटांना सूर्यवंशी प्लॉटात पाणी, तमुक फुटांना अमका रस्ता बंद, इतक्याला आपल्या दारात, असा हिशेब तिथल्या घराघरांत पाठ असतो. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा तो हिशेबही बुडाला हे खरं. २००५ च्या पुरात आपल्याकडे आलं नव्हतं म्हणून सामान न हलवलेले खूप जण फसले. तरीही आकडा आणि गल्ली यांची तिथे गाठ बांधलेली आहे, आणि नवा पूर आला की ती नव्यानं बांधली जाते. कोल्हापूरकरांचं राजाराम बंधाऱ्याशी असंच नातं आहे, ३९ आणि ४३ हे आकडे तिथं शाळकरी पोरालाही कळतात.

आता बदलापूर घ्या. उल्हास नदीची तिथली इशारा पातळी साडेसोळा मीटर, धोका पातळी साडेसतरा. दर पावसाळ्यात या बातम्या येतात, मोबाइलवर फिरतात. वाचणारा माणूस पाच-सात वर्षांपूर्वी लालबागहून किंवा डोंबिवलीहून तिथे राहायला आलेला असतो. साडेसतरा म्हणजे त्याच्या पार्किंगमध्ये पाणी की अजून दोन मीटर अवकाश, हे त्याला कोण सांगणार? रमेशवाडी आणि हेंद्रेपाड्यातली जुनी माणसं सांगू शकतील. पण त्यांची आणि नव्या टॉवरमधल्या माणसाची गाठ फक्त भाजीच्या गाडीवर पडते. आकडा एकाकडे, गल्ली दुसऱ्याकडे.

२७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी होते, एनडीआरएफच्या होड्या आल्या, नौदल आलं, देशभर चित्रं दिसली. सगळे सुखरूप बाहेर आले, आनंदच आहे. पण त्याच रात्री त्याच नदीनं आजूबाजूच्या वस्त्यांत काय केलं, कुठल्या घराची कुठली पायरी गाठली, याची चर्चा गाडीबरोबरच निघून गेली. पुढच्या आठवड्यात, ४ ऑगस्टला, खडवलीजवळच्या जू गावातून हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं माणसं उचलली. तेही टीव्हीवर हेलिकॉप्टरपुरतंच.

ठाणे-नवी मुंबईची अडचण सांगलीपेक्षा गुंतागुंतीची आहे, हे मान्य केलं पाहिजे. इथे पाणी एका बाजूनं येत नाही. वरून उल्हास येते, तिला बारवी, भातसा, काळू मिळतात, कल्याणपाशी वालधुनीही येते. खालून खाडीची भरती चढते. मधल्या मध्ये डोंगरउतारावरचं पाणी येऊर आणि पारसिकच्या अंगानं नाल्यात उतरतं. तिन्ही एकाच तासाला भेटली तर काय होतं ते २००५ साली दिसलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दुपारी भरतीही साडेचार मीटरच्या आसपास होती. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पाऊणशे मिलिमीटरही पडला नाही. एकाच शहराच्या दोन वेधशाळांत एवढा फरक. तेव्हा एका पर्जन्यमापकावरून किंवा एका पुलावरच्या खुणेवरून वागळे इस्टेटमधल्या गल्लीचं भविष्य सांगता येत नाही. अशा ठिकाणी गल्लीतल्या माणसाची साक्ष जास्तच लागते. इथे माहितीची जागा भरून काढायला दुसरं काही नाही.

साक्ष म्हटली की पहिला आक्षेप येतो, आठवणी विश्वासार्ह नसतात. नसतातच. माणसं दोन पूर एकमेकांत कालवतात. २०१९ चे जुलै आणि ऑगस्ट तर सर्रास एक होऊन जातात. पाऊस किती पडला, हे विचारलं तर ‘ढगफुटीच हो’ हे एकच उत्तर मिळतं. पण चुकीचा प्रश्न विचारून साक्षीदाराला दोष देण्यात अर्थ नाही. पायरी विचारा, स्विचबोर्ड विचारा, देव्हारा विचारा. घरातल्या बाईला पाणी गॅसच्या ओट्याच्या वर होतं की खाली, यात कधी शंका नसते. साल विचारू नका, त्या वर्षी घरात काय घडलं ते विचारा. धाकटीचं बारसं, कुणाची बदली, कुणाचं लग्न पुढे ढकललं. जन्मदाखल्यावरची तारीख बाकीचं काम करते.

आमच्या नात्यातच एक वाद बरीच वर्षं चालला. कल्याणला मावशीचं तळमजल्याचं घर, २००५ साली पाणी शिरलेलं. मावशी म्हणायची, खिडकीच्या कठड्याला लागलं होतं. काका म्हणायचे, छे, मांडीएवढं होतं, तुला सगळंच मोठं दिसतं. दिवाळीत हा वाद ठरलेला. घर रंगवायला काढलं तेव्हा भिंतीशी लावलेलं लोखंडी कपाट ओढून पुढे घेतलं. त्याच्या पाठीमागे, जिथे नंतर कधी रंग लागलाच नव्हता, तिथे गंजाची सरळ आडवी रेघ होती. रेघेच्या खाली पत्रा खवल्यासारखा सुटलेला, वर गुळगुळीत हिरवा. टेप लावली. रेघ कठड्याच्या चार बोटं खाली निघाली, म्हणजे मावशी जवळजवळ बरोबर होती. काका म्हणाले, पाणी उतरताना कपाट कलंडलं असेल. असो. मुद्दा असा की घरातल्या गोष्टीला घरातच पुरावाही असतो, आणि तो रंगकाम, फरशी बदलणं, पुनर्विकास यांत दर वर्षी नष्ट होतोय. ते कपाट भंगारात गेलं. त्या इमारतीचाही आता पुनर्विकास ठरलाय. नवा तळमजला स्टिल्टचा असेल, आणि गाड्या लावणाऱ्यांना त्या रेघेचा पत्ता नसेल.

सरकारकडे पुराच्या नोंदी नाहीत का? आहेत. जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही अंगांना निळी आणि लाल पूररेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. कल्पना चांगली आहे. पण रेषा आखली की हरकती सुरू होतात, आणि हरकत घेणारा जमीनमालक किंवा विकासक वकील आणि नकाशे घेऊन येतो. ज्यांच्या घरात पाणी येऊन गेलंय ते काय घेऊन येणार? ‘आमच्याकडे यायचं हो पाणी’ हे वाक्य सुनावणीत टिकत नाही. तेच वाक्य तारीख, उंची, पाणी कुठून आलं त्याची दिशा आणि तीन शेजाऱ्यांच्या सह्या यांसकट वाचनालयात दहा वर्षं आधीपासून नोंदलेलं असेल, तर त्याला वजन येतं.

पूर ओसरल्यावर पंचनामे होतात, पण पंचनाम्याचा हेतू मदत ठरवणं हा असतो. भांडीकुंडी, कपडे, धान्य, भिंत पडली का. शिवाय मदतीच्या नियमांत घर दोन दिवस पाण्याखाली असण्याची अट असायची. ती २०२१ च्या पुरात शिथिल करावी लागली. ही अट कृष्णाकाठी समजू शकते, तिथे पाणी मुक्कामाला येतं. खाडीकाठी पाणी भरतीबरोबर चढतं आणि ओहोटीबरोबर उतरतं. सहा तासांत घर धुऊन निघतं आणि दुसऱ्या दिवशी अंगण कोरडं दिसतं. कळव्याच्या किंवा दिव्याच्या खाडीकडच्या झोपड्यांचा पूर त्या मोजपट्टीत बसतच नाही. कागदावर तो आलेलाच नसतो. अशा पुराची नोंद माणसांच्या डोक्यात राहते, दुसरीकडे कुठेच नाही.

आणि इथेच मला वाटतं तो खरा दोष आहे. ठाणे-नवी मुंबई बाहेरून आलेल्यांनी वसवली. आपण आपापल्या नद्या बरोबर आणल्या. पुण्याच्या नारायण पेठेतून आलेल्यांच्या घरी १२ जुलै १९६१ अजून जिवंत आहे. पानशेत फुटलं, मग खडकवासला फुटलं, पाणी कुठल्या बोळापर्यंत आलं, कुणाचा वाडा बसला, हे नातवंडांनाही तोंडपाठ असतं, आणि ती नातवंडं घोडबंदर रोडला राहतात. चिपळूणच्यांकडे वाशिष्ठी आहे, २००५ आणि २०२१ अशी दोनदा. महाडच्यांकडे सावित्री, २०१६ च्या २ ऑगस्टला रात्रीच्या अंधारात वाहून गेलेल्या जुन्या पुलासकट. सोसायटीच्या गणपतीत रात्री जागरणाला बसलं की या सगळ्या नद्या एका मांडवात येतात. ‘आमच्याकडे तर दुसऱ्या मजल्याला’ अशी चढाओढ लागते. ऐकायला मला आवडतं, मीही त्यात भर घालतो. पण त्या मांडवाखालून कुठला नाला जातो, हे तिथे बसलेल्या एकालाही ठाऊक नसतं.

ठाऊक असतं ते गावठाणातल्या माणसाला, आणि तो आपल्या मांडवात नसतो.

नवी मुंबईत हे फारच उघड दिसतं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर शहर आखलं गेलं. त्या जमिनीचा मोठा भाग खारेपाट. आगरी-कोळी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून खाडीकडून मिळवलेला. बांधाला उघाडी असायची. भरती चढली की तिचं दार पाण्याच्या दाबानंच बंद व्हायचं, ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर जायचं. उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली तर घरटी माणूस चिखल आणि पेंढा घेऊन धावायचा, कारण एकाची खांड म्हणजे सगळ्यांची शेती खारट. सिडकोनं पुढे जे धारण तलाव बांधले, त्यांचं तत्त्व हेच आहे. भरतीला झडपा मिटायच्या, शहराचं पाणी तलावात थांबायचं, ओहोटीला बाहेर सोडायचं. हॉलंडचं तंत्र म्हणून त्याचं कौतुक होतं. व्हावंही. पण शेजारच्या गावात तेच तंत्र लाकडाच्या फळीवर चालत होतं, आणि ते चालवणारी माणसं प्रकल्पग्रस्त म्हणून गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाच्या रांगेत उभी होती. आज धारण तलावांत गाळ साचलाय, खारफुटी वाढलीय, ती काढायची तर न्यायालयाची परवानगी लागते, आणि यात बरोबर कोण हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. या लेखापुरता प्रश्न असा की कुठल्या उधाणाला कुठली उघाडी अपुरी पडायची हे ज्यांना माहीत होतं, त्यांना कुणी विचारून लिहून ठेवलं का?

बेलापूर पट्टीतल्या एका गावात एका आजोबांना मी विचारलं, समोरच्या सेक्टरमध्ये दर वर्षी पाणी का तुंबतं? ते म्हणाले, “तुंबतं कुठं? पानी त्याच्या वाटंनं येतंय. बिल्डिंग वाटंत हाय.” मग त्यांनी हातानं दाखवलं, इकडून ओहोळ यायचा, तिथे वळायचा, त्या पेट्रोल पंपाच्या मागे डबकं, तिथे जिताडे मिळायचे. पाच मिनिटांत अख्खा नकाशा. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला, प्रचंड भराव घातला, आणि डुंगी गावात पाणी शिरू लागलं, तेव्हा गावकरी सांगत होते ते याच भाषेत. पाण्याची वाट त्यांना पाठ होती. ती ऐकायला अभियंता लागतो, पण त्याला ती सांगायलाही माणूस लागतोच.

म्हणून देवाणघेवाण व्हायची तर ती मांडवातल्या मांडवात नको. पानशेतची गोष्ट चिपळूणच्या माणसाला सांगून आपला एक तास छान जातो. ती गोष्ट घेऊन गावठाणात जावं, आणि तिथली घेऊन यावी. पूर पाहिलेल्या माणसाला पूर पाहिलेल्या माणसाची भाषा कळते. मी बेलापूरला गेलो तेव्हा आजोबा आधी बोलायलाच तयार नव्हते, सर्व्हेवाला समजले. मावशीच्या कपाटाची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

दुसरा आक्षेप घरांच्या भावाचा. आमच्या ओळखीतल्या एका सोसायटीत प्रवेशद्वारापाशी २००५ ची पातळी रंगानं दाखवावी असं कुणीतरी सुचवलं, तर सर्वसाधारण सभेत गदारोळ झाला. फ्लॅटचे भाव पडतील. पडतीलही थोडे. पण भाव पडू नये म्हणून लपवलेली रेघ म्हणजे पुढच्या खरेदीदाराच्या गळ्यात घातलेला धोंडा, आणि तो खरेदीदार बहुधा आपल्याच गावचा, आपल्यासारखाच वीस वर्षांचं कर्ज काढून आलेला असतो. जपानमध्ये आनेयोशी नावाच्या खेड्यात एक दगड आहे. १९३३ च्या त्सुनामीनंतर उभारलेला. ‘या दगडाच्या खाली घर बांधू नका’ असं त्यावर कोरलंय. २०११ च्या लाटेत त्याच्या वर राहणारं गाव वाचलं. तिथेही खालची जमीन सोयीची होती, समुद्र जवळ होता. पण आजोबांनी सांगितलेलं दगडावर होतं, म्हणून नातवाला ते नाकारणं जड गेलं. आपल्याकडे ते फक्त आजोबांच्या तोंडात असतं, आणि आजोबा वारले की बिल्डरचं ब्रोशर उरतं.

वेळेचाही हिशेब आहे. १९६१ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. २००५ साली जन्मलेली मुलं आता मतदार आहेत. त्यांच्यासाठी २६ जुलै म्हणजे बाबांची चालण्याची गोष्ट. खाडीचे बांध स्वतः बांधलेली पिढी तर बोटांवर मोजण्याइतकी राहिली.

कामाला मोठी यंत्रणा लागत नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. पुस्तकं सांभाळण्याची या संस्थांना सवय आहे, त्यांनी एकेक जाड वही ठेवावी. रकाने थोडेच, जागा, तारीख किंवा तारखेचा धागा, पाणी कशापर्यंत आलं, कुठल्या बाजूनं आलं, किती वेळानं उतरलं, कोण सांगतंय. त्या वेळी बदलापूरची पातळी काय होती आणि भरती किती होती, हे नंतर सरकारी नोंदीतून शेजारी लिहिता येतं. एवढं झालं की साडेसतरा मीटर या आकड्याला गल्लीचं नाव मिळतं. पाच-पंचवीस पावसाळ्यांत शहराजवळ आपला आयर्विनचा हिशेब तयार होईल.

महानगरपालिकांनी त्यातल्या पक्क्या नोंदी भिंतींवर उतरवाव्यात. शाळा, रेशन दुकान, बसथांबा, सार्वजनिक शौचालय, जिथे माणसं रोज उभी राहतात तिथे, हातभर निळी पट्टी आणि तारीख. सदनिका विक्रीच्या करारात पार्किंगच्या कलमाएवढ्या ठळक अक्षरांत, या जागेवर पूर्वी कधी किती पाणी आलं होतं, हे लिहिणं बंधनकारक व्हावं. विरोध होईल, तो करणारे कोण असतील तेही सांगायला नको. आणि प्रभाग समित्यांनी वह्या भरण्याचं काम मे महिन्यात, नालेसफाईच्या जोडीनं हातात घ्यावं. नालेसफाईपेक्षा ते स्वस्त पडेल, आणि किती झालं ते निदान तपासता तरी येईल.